विमानाला स्विफ्टचं इंजिन बसवलं तर?

भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आला की एक तरी भन्नाट प्रश्न घेऊन येतोच. यंदाचा प्रश्न असा की, मामा, स्विफ्टचं इंजिन ८०-९० हॉर्सपावरचं, ठोकलेल्या गाडीतलं स्वस्तात मिळतं, दोन सीटच्या छोट्या विमानाला पण साधारण तेवढेच हॉर्सपावर लागतात, मग लोक लाखो रुपये घालून परदेशातून वेगळं इंजिन का मागवतात? हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कॅप्टन अमोल यादवांमुळे. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे ते हेच, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमानांच्या सरकारी नियामकाने, त्याची नोंदणी केली. मराठी माणूस गच्चीवर विमान बांधू शकतो म्हटल्यावर भाच्याला बाकी सगळं सोपंच वाटणार.

मी त्याला म्हटलं, हॉर्सपावर विचारू नकोस, किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, ते विचार. स्विफ्टचं इंजिन ते ८०-९० देतं सहा हजार आरपीएमच्या आसपास. आता विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, घे १.७ मीटरचा. २७०० आरपीएमला त्याचं टोक सेकंदाला २४० मीटर वेगाने पळतं. सहा हजारला फिरवलास तर ५३० च्या वर, आणि आवाजाचा वेग आहे ३४०. टोक आवाजाच्या वेगाजवळ जायला लागलं की हवेत शॉक वेव्ह तयार होतात, पंखा नुसता बोंबलतो आणि ताकद ढकलण्याऐवजी आवाजात आणि उष्णतेत वाया जाते. म्हणून पंखा अडीच-पावणेतीन हजारांतच ठेवावा लागतो. आणि स्विफ्टचं इंजिन थेट पंख्याला जोडून २७०० ला चालवलं तर ते देणार जेमतेम ३५-४० हॉर्सपावर. कारण हॉर्सपावर म्हणजे टॉर्क (फिरवायचा जोर) गुणिले आरपीएम, दुसरं काही नाही. आरपीएम अर्ध्यावर आणलेस तर हॉर्सपावर पण त्याच हिशोबात खाली येणार.

सेस्ना १५० या ट्रेनर विमानात कॉन्टिनेंटलचं ओ-२०० इंजिन असतं. ३.३ लिटरचं, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, हवेने थंड होणारं, १०० हॉर्सपावर आणि तेही २७५० आरपीएमला. गाडीवाला बघितला की म्हणतो, ३.३ लिटरमध्ये फक्त शंभर? अरे पण ते सावकाश फिरून शंभर देतंय, पंखा थेट क्रँकशाफ्टलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यालाच बोल्ट केलेला, मधे काही नाही. गंमत म्हणजे फोर्डच्या जुन्या मॉडेल ए गाडीचं इंजिनही बरोबर ३.३ लिटरचंच होतं आणि ते द्यायचं ४० हॉर्सपावर, एक मोठं कारण म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, सव्वाचारच्या आसपास, ओ-२०० चं सात. अमेरिकेत मिनेसोटाच्या बर्नार्ड पिटनपोलने १९२९ च्या सुमाराला तेच फोर्ड इंजिन आपल्या एअर कँपर विमानाला लावलं, मोठा लाकडी पंखा सावकाश फिरवला, आणि विमान उडालं! आजही लोक ते विमान बांधतात. म्हणजे गाडीचं इंजिन चालतच नाही असं अजिबात नाहीये, पण पिटनपोलने विमानही त्या चाळीस हॉर्सपावरला शोभेल असंच बांधलं होतं, हलकं, सावकाश, मोठ्या पंखांचं (विंगचं).

राइट बंधूंनी पण आधी मोटार कंपन्यांना पत्रंच पाठवली होती, पाहिजे तेवढं हलकं इंजिन कोणी देईना. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर, त्याने सहा आठवड्यांत इंजिन बनवलं, ॲल्युमिनियमचा क्रँककेस, १२ हॉर्सपावर. त्याच वेळी त्यांचे अमेरिकन प्रतिस्पर्धी, शास्त्रज्ञ लँगली साहेबांच्या विमानाला ५२ हॉर्सपावरचं इंजिन होतं, त्या काळातलं जगात एक नंबर म्हणावं असं. ते विमान ८ डिसेंबर १९०३ ला पोटोमॅक नदीत पडलं आणि नऊ दिवसांनी राइटांचं बारा हॉर्सपावरवालं उडालं. राइट सायकलवाले, त्यांनी साखळी आणि दात्यांची चाकं लावून पंख्याचा वेग इंजिनाच्या साधारण एक तृतीयांश केला होता, मोठे पंखे, हळू फिरणारे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लोकांना नुसतं विमान आठवतं आणि साखळी कोणालाच आठवत नाही.

भाचा हुशार आहे, लगेच म्हणाला, मग गिअरबॉक्स टाकू की! टाकतात ना, बरेच जण टाकतात, सुझुकीचंच तीन सिलिंडरचं एक लिटरचं छोटं इंजिन बेल्ट किंवा गिअर लावून अमेरिकेत घरगुती विमानांत उडवलेलं आहे. पण इथे एक न दिसणारा शत्रू आहे, पिळाचं कंपन. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा क्रँकला एक फटका बसतो, मग थोडी उसंत, मग पुढचा फटका. आपल्याला इंजिन गुळगुळीत फिरतंय असं वाटतं पण आतला शाफ्ट दर फटक्याला किंचित पिळला जातो आणि सुटतो, स्प्रिंगसारखा. दुसऱ्या टोकाला पंखा, तो जड, तो काही लगेच हलत नाही. आता झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो ना, तसं एखाद्या ठराविक आरपीएमला फटक्यांचा ठेका आणि शाफ्टची स्वतःची लय जुळली की पीळ वाढत वाढत जातो आणि मग गिअरचे दाते जातात नाहीतर क्रँकच तुटतो. गाडीत क्लच असतो, त्यात स्प्रिंगा असतात, लांब शाफ्ट, रबरी टायर, हे सगळं ते कंपन गिळून टाकतं. विमानात ते काहीच नाही. आणि गिअरबॉक्स नसला तरी सुटका नाही. शेव्हरोलेच्या कॉर्वेअर गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन थेट पंख्याला जोडता येणारं, हवेने थंड होणारं, विमानाला अगदी मापात बसल्यासारखं, पिटनपोलने स्वतःही नंतर तेच वापरलं, पण जास्त वेगाच्या विमानांत काही क्रँक तुटले, कारण पंखा नुसता फिरत नाही तर विमान वळताना-हलताना क्रँकच्या टोकाला वाकवतो पण, आणि गाडीच्या क्रँकला हा त्रास कोणी कधी दिलेलाच नसतो. मग लोकांनी पुढच्या बाजूला जास्तीचं पाचवं बेअरिंग बसवायला सुरुवात केली.

आणि दुसरा मुद्दा कष्टाचा. गाडी हायवेला ऐंशीने चाललीय तेव्हा इंजिन १५-२० हॉर्सपावर देत असतं, बस. पूर्ण ताकद लागते ओव्हरटेकला किंवा घाटात, ती पण मिनिटभर. विमानात टेकऑफला शंभर टक्के आणि त्यानंतर तास न् तास ७५ टक्के. म्हणजे स्विफ्ट चौथ्या गिअरमध्ये पुणे ते कोल्हापूर पाय दाबून न्यायची, टोलनाक्यालाही न थांबता. बीटलचं इंजिन, फोक्सवॅगनचं, जगभरच्या घरगुती विमानवाल्यांचं लाडकं, हलकं, स्वस्त, हवेने थंड होणारं. आता त्याचेच वाढवलेले २१८० सीसीचे अवतार ८० हॉर्सपावर देतात. पण मूळ गाडीत ते सुरुवातीला २५ द्यायचं, हेडवरच्या (सिलिंडरच्या डोक्यावरच्या) थंड करणाऱ्या पट्ट्या त्या हिशोबाच्या. ८० चा आकडा टेकऑफपुरता धरा, लांब चढाई केली की हेडचं तापमान काटा वर सरकवत जातं आणि पायलट नाक खाली करून वेग वाढवतो, का तर इंजिनाला वारा मिळावा. अमेरिकन डिझायनर बर्ट रुटानचं व्हॅरीइझ हे घरगुती बांधणीचं विमान १९७५ मध्ये पहिल्यांदा उडालं ते फोक्सवॅगनच्या इंजिनावर, पण लोकांना प्लॅन विकायची वेळ आली तेव्हा त्याने डिझाइन बदलून ओ-२०० घेतलं. यात काय ते आलं.

मग आजकाल बहुतेक जण शेवटी ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ वर येऊन का थांबतात? कारण वरचे सगळे प्रश्न त्यांनी कारखान्यातच सोडवून दिलेत. १०० हॉर्सपावरच्या मॉडेलमध्ये फक्त १३५२ सीसी, इंजिन सतत ५५०० आरपीएमला पळतं, टेकऑफला पाच मिनिटं ५८००, आणि समोर २.४३ चा गिअरबॉक्स, त्यामुळे पंखा येतो २४०० च्या आत. कंपन गिळायची सोय त्या गिअरबॉक्समध्येच आहे, तरी पण आयडलला १४०० च्या खाली आणू नका असं सांगतात, गिअर खडखडायला लागतात. हेड पाण्याने थंड, सिलिंडर हवेने. ऑइल वेगळ्या टाकीत, त्यामुळे डिपस्टिक बघायच्या आधी पंखा हाताने फिरवत बसायचं, टाकीतून गुडगुड आवाज आला की समजायचं ऑइल परत आलं, मग मोजायचं. नवीन माणूस हे बघून घाबरतो, याला काय झालं म्हणून! आपल्या बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेने हंसा विमानाला रोटॅक्सच घेतलं, आधीच्या हंसा-३ ला टर्बोवालं ९१४ आणि २०२१ मध्ये उडालेल्या हंसा-एनजीला इंजेक्शनवालं ९१२.

माझं मत विचाराल तर मला अजूनही ओ-२०० चा साधेपणा जास्त भावतो. दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिन आपलं चालूच, कारण मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो. गाडीच्या इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पेट्रोलचा पंप, कॉइल सगळं विजेवर, एक फ्यूज गेला की शांतता. ते रस्त्याच्या कडेला ठीक आहे.

पण आपल्याकडे पेट्रोलचा विषय आला की रोटॅक्स पुढे जातं, आणि लगेच अडकतं पण. जुन्या पद्धतीच्या विमान इंजिनांना शिसं घातलेलं एव्हगॅस लागतं, इंडियन ऑइलने ते बडोद्याला बनवायला सुरुवात केली २०२२ मध्ये, पण ते काही गावोगावी मिळत नाही. रोटॅक्स पंपावरच्या पेट्रोलवर चालतं, उलट शिसंवालं जास्त दिलं तर प्लग खराब होतात आणि ऑइल लवकर बदलावं लागतं. फक्त रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्केवालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळी निघते तळातूनच. शिवाय काही रबर आणि फायबरच्या टाक्यांचं रेझिन त्याने मऊ पडतं. कोकणात पावसाळ्यात विमान महिनाभर उभं ठेवून मग तसंच उडवायचा विचार कोणी करू नये.

वजनाचं सांगायचं राहिलं. कॅटलॉगमधलं वजन म्हणजे पत्रिकेतला नवरदेव, प्रत्यक्षात वऱ्हाड येतं. रोटॅक्स नुसतं साठेक किलो, मग रेडिएटर, पाणी, ऑइलची टाकी, सायलेन्सर असं करत सत्तर-पंचाहत्तर. ओ-२०० सगळ्या सामानासकट नव्वदच्या पुढेच. जे विमान जड इंजिनासाठी आखलंय त्यात हलकं टाकलं तर नाक वर, शेपूट जड, मग तराजू सांभाळायला इंजिन पुढे सरकवावं लागतं, म्हणून काही विमानांची नाकं उगाच लांब दिसतात. आणि पुण्यात उन्हाळ्यात ४० डिग्रीला, १९०० फूट उंचीवर, हवा इतकी विरळ असते की विमानाला ती पाच हजार फुटांच्या वरची वाटते, शंभर हॉर्सपावरचे पंच्याऐंशीच्या आसपास राहतात. म्हणून भाच्याला सांगितलं, ८० चं लागतं असं वाटत असेल तर १०० चं बघ, पण विमानाच्या डिझायनरने जेवढं सांगितलंय त्याच्या वर जाऊ नकोस. रचना तेवढ्यासाठीच आखलेली असते.

अमेरिकेतला जुना नियम मला फार बोलका वाटतो. घरी बांधलेल्या विमानाला मान्यताप्राप्त इंजिन आणि पंख्याची जोडी असेल तर चाचणीची २५ तासांची उड्डाणं, नसेल तर ४०. आणि तिकडच्या अपघातांच्या अभ्यासात इंजिन बंद पडणं हे मोठं कारण दिसतं खरं, पण बऱ्याचदा इंजिनातलं लोखंड धडधाकट असतं आणि पेट्रोलच पोचलेलं नसतं. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये गेला तो घरगुती बांधणीच्या लाँग-ईझेड विमानात, त्या विमानाच्या बांधणाऱ्याने पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, आणि टाकीत पेट्रोलही कमीच होतं. कॉककडे वळताना विमानावरचा ताबा सुटला असं चौकशीत निघालं.

भाच्याला शेवटी एकच गृहपाठ दिला, इंजिन कुठलंही घे. विमान जमिनीवरच नाक वर करून चढाईच्या कोनात उभं करायचं, कार्ब्युरेटरची नळी काढून बादलीत सोडायची आणि घड्याळ लावून बघायचं की मिनिटाला किती पेट्रोल पडतं. पेट्रोल नुसतं वरून खाली वाहत येणार असेल तर टेकऑफला लागतं त्याच्या दीडपट पडलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. म्हणाला, एवढंच? म्हटलं आधी हे कर, पण टाकीत अगदी थोडंच पेट्रोल ठेवून कर, आणि बादलीच्या आसपास कोणी बिडी ओढत नाही ना ते बघ.