भरपाई की मदत? हवामान बदलाच्या वाटाघाटींमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१२ डिसेंबर २०१५ रोजी सायंकाळी पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथे फ्रान्सचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस यांनी हातातली हिरवी हातोडी टेबलावर आपटली आणि पॅरिस करार मंजूर झाल्याचे जाहीर केले. त्या कराराचे आठवे कलम ‘हानी आणि नुकसान’ या विषयाला वाहिलेले आहे. हवामान बदलामुळे जे आधीच बुडाले, वाहून गेले किंवा करपले, आणि कितीही तयारी केली तरी जे वाचवता येणार नाही, त्याचा विचार या कलमात केलेला आहे. मात्र करार स्वीकारणाऱ्या ठरावात, ५१ व्या परिच्छेदात, एक छोटे वाक्य घालण्यात आले. आठव्या कलमातून कोणतेही दायित्व किंवा नुकसानभरपाई उद्भवत नाही आणि त्यासाठी हे कलम आधार ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. एका हाताने हक्काची नोंद करून दुसऱ्या हाताने तिची धार काढून घेणारे हे वाक्य कोठून आले, हे समजण्यासाठी पॅरिसच्या बरेच मागे जावे लागते.

भरपाई आणि मदत यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे झाले, शासनाने फळबागांसाठीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. पण कोकणातली वाडी गुंठ्यांची असते, त्या थोड्या जागेत पोफळी दाटीने उभ्या असतात आणि नवे रोप फळ धरायला कित्येक वर्षे घेते. म्हणूनच क्षेत्रावर नको, झाडागणिक हिशोब करा, अशी बागायतदारांची मागणी होती. मदत देणारा आपल्या ऐपतीचा आणि नियमांचा विचार करतो, तर भरपाई मागणारा आपण काय गमावले ते मोजतो. जागतिक वाटाघाटींत १९९१ पासून हाच वाद चालू आहे. फरक इतकाच की, तेथे समोर उभ्या असलेल्या पक्षाने स्वतःच ते नुकसान घडवण्यास हातभार लावलेला आहे.

हा हातभार मोजता येतो, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एका पावसाळ्यात धुऊन जात नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात साठून राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा सुमारे ३१५ होता, आणि आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. साठा महत्त्वाचा असल्यामुळे आज कोण किती धूर सोडतो एवढ्यावर जबाबदारी ठरत नाही, आजवर कोणी किती सोडला याचाही हिशोब करावा लागतो. त्या हिशोबात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश भरतो आणि युरोपीय संघ व ब्रिटन मिळून एक पंचमांशाहून अधिक. भारताचा वाटा चार टक्क्यांहून कमी आहे. प्रशांत महासागरातील बेटांचा वाटा तर टक्केवारीत दिसतही नाही.

त्या बेटांनीच हा विषय प्रथम राजकारणाच्या मंचावर आणला. एप्रिल १९८७ मध्ये मालदीवची राजधानी माले उंच लाटांमुळे जलमय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत समुद्रपातळीच्या वाढीमुळे आपले राष्ट्रच नष्ट होऊ शकते, असा इशारा दिला. पुढील वर्षी हवामान बदलाचा शास्त्रीय आढावा घेणारे आंतरसरकारी मंडळ, म्हणजेच आयपीसीसी, स्थापन झाले. नोव्हेंबर १९८९ मध्ये माले येथेच छोट्या राष्ट्रांची परिषद भरली आणि १९९० मध्ये लहान बेटराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. सैन्य नाही, बाजारपेठ नाही, लोकसंख्या एखाद्या तालुक्याएवढी, अशा देशांनी एकत्र येऊन वाटाघाटींचा अजेंडा घडवला ही घटना मला फार मोठी वाटते. तिची दखल मात्र आपल्याकडे कमीच घेतली गेली.

जागतिक कराराचा मसुदा तयार करण्यासाठी १९९१ मध्ये आंतरसरकारी वाटाघाटी सुरू झाल्या. प्रशांत महासागरातील वानुआतू या बेटराष्ट्राने आघाडीच्या वतीने एक प्रस्ताव ठेवला. त्यात एका आंतरराष्ट्रीय विमा निधीची कल्पना होती. समुद्रपातळी वाढल्याने सखल किनाऱ्याच्या व बेटांवरील विकसनशील देशांचे जे नुकसान होईल, ते या निधीतून भरून द्यायचे होते, आणि निधीत पैसे भरायचे होते औद्योगिक देशांनी. कोणी किती भरायचे, याचे सूत्रही दिलेले होते. निम्मी रक्कम त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, निम्मी त्याच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या प्रमाणात. म्हणजे ऐपत आणि जबाबदारी या दोन्हींना समान वजन. अणुऊर्जा अपघातांच्या भरपाईसाठी युरोपीय देशांनी १९६३ मध्ये आपसांत केलेल्या ब्रुसेल्स पूरक कराराचा नमुना त्यामागे होता. बेटांनी काही जगावेगळे मागितले नव्हते. श्रीमंत देशांनी स्वतःच्या शेजाऱ्यांशी व्यवहार करताना जी रीत मान्य केली होती, तीच त्यांनी पुढे केली होती.

प्रस्ताव मान्य झाला नाही. ९ मे १९९२ रोजी स्वीकारलेल्या आणि जूनमध्ये रिओ येथे स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आराखडा करारात विम्याचा फक्त ओझरता उल्लेख उरला. विकसनशील देशांना मिळाले ते तिसऱ्या कलमातील तत्त्व. जबाबदारी सर्वांची समान, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारी भिन्न. या तत्त्वामागे बराच भारतीय विचार होता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि गरज यांचा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेत आणला होता, आणि १९९१ मध्ये दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तागडीत तोलता येणार नाही, असा युक्तिवाद मांडला होता. बेटराष्ट्रांनी मात्र तत्त्वावर समाधान मानले नाही. फिजी, किरिबाटी, नाउरू आणि तुवालू यांनी करारात सामील होताना लेखी निवेदन जोडले की, यामुळे हवामान बदलाच्या दुष्परिणामांबाबत राष्ट्रांच्या जबाबदारीसंबंधीचे आंतरराष्ट्रीय कायद्यातील आपले कोणतेही हक्क आपण सोडत नाही. या निवेदनाला तीस वर्षांनंतर महत्त्व आले.

त्यानंतरची पंधरा वर्षे मुख्यतः उत्सर्जन कपातीच्या भांडणात गेली. १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांनी १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे पाच टक्के कपात मान्य केली, २००१ मध्ये अमेरिकेने त्याकडे पाठ फिरवली आणि करार अमलात यायला फेब्रुवारी २००५ उजाडले. नुकसानीचा विषय या काळात जवळपास बाजूलाच पडला. ‘हानी आणि नुकसान’ हे शब्द अधिकृत निर्णयात आले ते २००७ मध्ये, बाली येथे भरलेल्या या कराराच्या वार्षिक परिषदेत. २००९ मध्ये कोपनहेगनला विकसित देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते उत्सर्जन कपात आणि अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड देण्याची तयारी, यांसाठी होते, झालेल्या हानीसाठी नव्हते, आणि त्यांच्याच आकडेवारीनुसार ते दोन वर्षे उशिराने, २०२२ मध्ये पुरे झाले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये वॉर्सा येथे परिषद सुरू होण्याच्या तीन दिवस आधी हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक बळी घेतले. त्या देशाचे मुख्य प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा भाऊ गावाकडे स्वतःच्या हातांनी मृतदेह गोळा करत होता. ठोस निष्पत्ती होईपर्यंत आपण अन्न घेणार नाही, असे त्यांनी भर सभेत जाहीर केले. त्या परिषदेने हानी आणि नुकसान यांसाठी एक यंत्रणा स्थापन केली खरी, पण शेवटच्या तासांपर्यंत वाद पेटला तो एका शब्दावर. ही यंत्रणा अनुकूलनाच्या चौकटीच्या ‘अंतर्गत’ असावी, असा विकसित देशांचा आग्रह होता. विकसनशील देशांचे म्हणणे असे की, अनुकूलन म्हणजे बांध घालणे, आणि हानी म्हणजे बांध घालूनही शेत वाहून जाणे. दुसरी गोष्ट पहिलीच्या पोटात कशी बसेल? तो शब्द राहिला, पुढे फेरविचार करू या आश्वासनासह.

पॅरिसमधील सौदा याच वाटेवरचा होता. बेटराष्ट्रांना दोन गोष्टी हव्या होत्या. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे उद्दिष्ट आणि हानीसाठी कराराचे स्वतंत्र कलम. दोन्ही मिळाल्या. अमेरिकेला हवे होते दायित्वापासून संरक्षण, आणि ते ५१ व्या परिच्छेदाने दिले. मार्च २०१५ मध्येच पॅम चक्रीवादळाने वानुआतूचे वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून अधिक नुकसान केले होते. अशा स्थितीत हा सौदा करणाऱ्या लहान देशांना दोष देणे मला उचित वाटत नाही.

दरम्यान विज्ञान पुढे सरकले होते. पूर्वी कोणत्याही एका आपत्तीबद्दल विचारले की शास्त्रज्ञ हात आखडता घेत. २००४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी आदल्या वर्षीच्या युरोपातील उष्णतेच्या लाटेचा अभ्यास करून मानवी उत्सर्जनामुळे तशा उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाल्याचे दाखवले. आता एखाद्या अतिवृष्टीनंतर काही आठवड्यांतच असे विश्लेषण हाती येते. ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

२०२१ मध्ये ग्लासगो येथे विकसनशील देशांच्या गटाने निधीची मागणी केली, तेव्हा पदरात पडला तीन वर्षांचा ‘संवाद’. पुढच्याच पावसाळ्यात पाकिस्तानात पूर आला. ३ कोटी ३० लाख लोक बाधित झाले, सतराशेहून अधिक मृत्युमुखी पडले आणि एकूण हानी ३,००० कोटी डॉलरच्या वर गेली. त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद योगायोगाने पाकिस्तानकडेच होते. शर्म अल-शेख येथे मंत्री शेरी रहमान यांनी हा विषय लावून धरला आणि २० नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे निधी स्थापण्याचा निर्णय झाला. मात्र विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतानाच असे नोंदवले गेले की, ही चर्चा सहकार्यासाठी आहे, दायित्व वा भरपाईसाठी नाही.

२०२३ च्या अखेरीस दुबईत निधी कार्यान्वित झाला. यजमान संयुक्त अरब अमिराती आणि जर्मनी यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर, तर अमेरिकेने १ कोटी ७५ लाख डॉलर देऊ केले. परिषद संपेपर्यंत एकूण आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरपर्यंत पोहोचली. वानुआतूच्या जुन्या सूत्राने हिशोब केला असता तर अमेरिकेचा हिस्सा सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरला असता. मार्च २०२५ मध्ये त्या देशाने निधीच्या मंडळातूनही अंग काढून घेतले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांना हवामानासाठी द्यायच्या निधीचे २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी डॉलरचे एकूण उद्दिष्ट ठरले, आणि हातोडी पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधींनी त्याला उघड आक्षेप घेतला.

भारताची जागा या वादात अवघड आहे आणि ती स्पष्टपणे मांडायला हवी. ऐतिहासिक जबाबदारीचा मुद्दा भारताने सातत्याने धरला, तो न्याय्यच होता. पण वार्षिक उत्सर्जनात आज आपण चीन आणि अमेरिकेनंतर तिसरे आहोत. माणशी हिशोब अजूनही फार कमी असला तरी कायदेशीर दायित्वाचे दार उघडले तर ते पुढे कोणासाठी उघडेल, ही चिंता दिल्लीलाही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताने जी बाजू मांडली, तीत मान्य झालेल्या करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, असे म्हटले होते.

हे प्रकरण हेगपर्यंत नेले ते पुन्हा वानुआतूनेच. २०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली, वानुआतूच्या सरकारने ती उचलली आणि मार्च २०२३ मध्ये आमसभेने एकमताने न्यायालयाचे मत मागवले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने मत दिले. हवामान रक्षणाची बंधने केवळ हवामान करारांपुरती मर्यादित नाहीत, ती मोडणे हे आंतरराष्ट्रीय कायद्याने चुकीचे कृत्य ठरू शकते, आणि कृती व हानी यांतील कार्यकारणसंबंध पुरेसा थेट व निश्चित असेल तर पूर्ण भरपाई देय ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक निकाल नव्हे. तरीही ५१ व्या परिच्छेदाने जो शब्द दाराबाहेर ठेवला होता, तो जगातील सर्वोच्च न्यायपीठाने पुन्हा उच्चारला.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळ जमैकावर धडकले. जागतिक बँकेच्या आणि आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अंदाजानुसार त्या देशाचे सुमारे ८८० कोटी डॉलरचे, म्हणजे वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४१ टक्के, नुकसान झाले. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमधील बेलें येथे नव्या निधीने पहिले अर्ज मागवले, सगळ्या विकसनशील देशांसाठी मिळून २५ कोटी डॉलरचे. जमैकाला तातडीने जे पैसे मिळाले त्यात आपत्ती रोख्याचे, म्हणजे ठरावीक तीव्रतेची आपत्ती आली की देशाला पैसे मिळवून देणाऱ्या रोख्याचे, १५ कोटी डॉलर होते आणि कॅरिबियन बेटांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या सामायिक विमा निधीचे दावे होते. वानुआतूने १९९१ मध्ये मागितलेला विमा निधी अशा रीतीने कॅरिबियनमध्ये अस्तित्वात आहे, आणि त्याचे वार्षिक हप्ते मुख्यतः ती बेटेच भरतात.