मेगापिक्सेल राहू द्या, भोक केवढं ते सांगा

"मामा, तुझ्या कॅमेऱ्यात वीस मेगापिक्सेल आणि बाबांच्यात चोवीस. चार मेगापिक्सेलसाठी दुपटीहून जास्त पैसे?"

प्रश्न अकरावीतल्या भाचीचा. टेबलावर दोन कॅमेरे शेजारी-शेजारी ठेवलेले. एक माझा, कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस, २०१८ मध्ये आलेला. दुसरा भावोजींनी जपानच्या दौऱ्यात घेतलेला रिको जीआर ३, त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन्ही तळहातावर मावतात, दोन्हींचं वजन तीनशे ग्रॅमच्या आत. कॉलेजच्या पोरांना सध्या ‘डिजिकॅम’चं वेड लागलंय. आईबाबांच्या कपाटात पडून असलेले जुने कॅमेरे बाहेर निघतायत, चार्जरची शोधाशोध चाललीय. ही त्यातलीच. दोघांपैकी कुणाचा कॅमेरा मागायचा हे तिला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तिने जो आकडा धरला होता तो सगळ्यांत निरुपयोगी. तिचा तरी काय दोष? खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो.

मी म्हटलं, खोकं ठेव बाजूला. लेन्सभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच.

कॅननवर होतं ४.३ ते १७२ मिमी, १:३.३ ते ६.९. रिकोवर १८.३ मिमी, १:२.८.

पहिला आकडा नाभीय अंतराचा, म्हणजे शाळेत आरसे-भिंगांच्या धड्यात भेटतं तेच. कॅननमध्ये झूम असल्यामुळे ते बदलतं, रिकोत झूमच नाही म्हणून एकच. दुसरा आकडा गुणोत्तर आहे. नाभीय अंतराला त्याने भागलं की लेन्सच्या भोकाचा व्यास मिळतो; समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर ते भोक जेवढं दिसतं, तेवढा. आता भागाकार करू. रिको: १८.३ भागिले २.८, साडेसहा मिलिमीटर. वाटाणाच म्हणा. कॅनन, झूम न करता: ४.३ भागिले ३.३, जेमतेम १.३ मिलिमीटर. मोहरीचा दाणा. आणि तोच कॅनन झूम पूर्ण ताणल्यावर: १७२ भागिले ६.९, पंचवीस मिलिमीटर! जवळजवळ रुपयाचं नाणं.

मोहरी, वाटाणा, नाणं. या दोन कॅमेऱ्यांमधला बहुतेक सगळा फरक या तीन मापांत येतो.

आधी वाटाणा आणि मोहरीचा सामना. जागा: पुण्याची महात्मा फुले मंडई, वेळ दिवेलागणीची. गाळ्यावर एक पिवळा बल्ब, खाली टोमॅटोचा ढीग, मागे भाजीवालीचा अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. दोन्ही कॅमेऱ्यांना हे दृश्य साधारण तेवढंच रुंद दिसतं. शटर दोन्हीकडे सारखाच वेळ उघडं ठेवलं, तर टोमॅटोवरून निघालेल्या प्रकाशापैकी कुणाच्या वाट्याला किती येईल? अंगणात पावसात एक वाटी आणि एक परात ठेवली तर परातीत जास्त पाणी साठतं, तोच हिशेब. व्यासात पाचपट फरक, म्हणजे क्षेत्रफळात पंचवीसपट.

एवढंच असतं तर कमी उजेडाचा फोटो नुसता काळपट आला असता, आणि तो संगणकावर उजळता आला असता. पण प्रकाश फोटॉनच्या थेंबांनी येतो, आणि थेंब कधी ठरल्या हिशेबाने पडत नाहीत. सरासरी १०० फोटॉन यायचे असतील, तर कधी ९१ येतात, कधी १०८. हा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. समजा टोमॅटोच्या एका टिचभर डागावरून मोहरीतून १०० फोटॉन आले. चढउतार दहाचा, म्हणजे १० टक्के. वाटाण्यातून त्याच डागाचे २५०० आले. चढउतार पन्नासचा, म्हणजे फक्त २ टक्के. रात्रीच्या फोटोत रव्यासारखे जे दाणे दिसतात ते बरेचसे हे वर्गमूळ आहे. सॉफ्टवेअर ते पुसतं खरं, पण पुसताना टोमॅटोची चकाकी आणि भाजीवालीच्या कपाळावरची रेषही पुसून जाते. यात कॅमेरा खराब नाही. मोहरीतून यापेक्षा जास्त येऊच शकत नाही.

"पण यूट्यूबवर तर सगळे सेन्सरचा आकार सांगतात," भाची म्हणाली. बरोबरच सांगतात, फक्त अर्धं सांगतात. (सेन्सर म्हणजे लेन्समागे, फिल्मच्या जागी बसलेली प्रकाश टिपणारी चिप.) रिकोचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर आहे, कॅननचा साधारण ६.२ बाय ४.६, म्हणजे क्षेत्रफळात तेरापट फरक. पण सेन्सर प्रकाश ओढून आणत नाही, तो ठेवून घेतो. सेन्सर मोठा असला की तेवढंच रुंद दृश्य त्याच्यावर पसरायला नाभीय अंतर जास्त लागतं, आणि मग त्याच गुणोत्तराला भोक आपोआप मोठं होतं. मोठ्या सेन्सरचं पुण्य येतं ते या वाटेने. (जाता जाता: कॅननच्या सेन्सरला ‘१/२.३ इंची’ म्हणतात. हा भागाकार केला तर अकरा मिलिमीटर येतात, पण पट्टी लावली तर कर्ण पावणेआठ मिलिमीटरच भरतो. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे. नळ्या कधीच गेल्या, नाव राहिलं, आणि ते विक्रेत्यांच्या सोयीचंही आहे.)

रस्त्यावरचे फोटो काढणारे जीआरवर जीव टाकतात त्याचं हे एक कारण. जपानचे प्रसिद्ध छायाचित्रकार दाइदो मोरियामा फिल्मच्या काळापासून जीआर मालिकेतले कॅमेरे वापरत आले आहेत. दुसरं कारण भरदिवसाचं आहे. भोक मुद्दाम लहान करून गुणोत्तर ८ वर आणायचं आणि फोकस दोन मीटरवर बांधून ठेवायचा. मग साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. खिशातून काढा, बटण दाबा, फोकसची वाट बघायला नको.

मोहरीएवढ्या भोकाची एक करामत मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यावर काही लोकांची दुकानं चालतात. वाड्यात, गडावर किंवा एखाद्या सत्संगात फ्लॅश मारून फोटो काढला, की हवेत तरंगणारे पांढुरके गोल दिसतात. कुणी त्यांना आत्मे म्हणतं, कुणी दिव्य ऊर्जा. लाल वर्तुळं काढलेले असे फोटो घरोघरच्या ग्रुपवर फिरतात. प्रत्यक्षात लेन्सपासून काही सेंटीमीटरवर धुळीचा एक कण तरंगत असतो, किंवा पावसाचा बारीक थेंब. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो, त्यामुळे कण झगझगीत उजळतो. तो इतका जवळ असतो की फोकसमध्ये येत नाही, आणि फोकसबाहेरचा बिंदू नेहमी लेन्सच्या भोकाच्या आकाराचा दिसतो. भोक मोठं असेल तर तो उजेड मोठ्या चकतीवर पसरून फिका पडतो. भोक लहान असेल तर चकती आवरलेली आणि ठसठशीत. म्हणजे तो गोल आत्म्याचा नव्हे, तुमच्याच लेन्सच्या भोकाचा फोटो आहे. जीआर ३ ला अंगचा फ्लॅशच नाही, त्यामुळे त्याला असे साक्षात्कार होत नाहीत.

आता नाण्याची पाळी. शुक्ल दशमीच्या रात्री आम्ही दोन्ही कॅमेरे घेऊन गच्चीवर गेलो. चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेपासून जवळच कोपर्निकस विवर उमटलेलं असतं, ९३ किलोमीटर व्यासाचं. रिकोच्या फोटोत अख्खा चंद्र भरला ४२ पिक्सेलचा, कोपर्निकस जेमतेम एका पिक्सेलचं. कॅननच्या फोटोत चंद्र साधारण १३०० पिक्सेलचा, कोपर्निकस पस्तीसचं, कडेची सावली वेगळी कळणारं. वाटाणा इथे सपशेल आडवा.

पण भाचीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि म्हणाली, "धूसर का होतंय? पिक्सेल तर भरपूर आहेत." हाच तो प्रश्न ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

मघाशी प्रकाश थेंबांसारखा मोजला. आता तोच लाटेसारखा वागतो. गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोलपथकाची एक लांब आडवी रांग उभी आहे, आणि सगळे एकाच क्षणी ठोका देतात असं समजा. तुम्ही रांगेच्या बरोबर समोर, दूर उभे असाल, तर सगळे ठोके एकदमच पोचतात. तुम्ही बाजूला सरकलात की जवळच्या टोकाचा ठोका आधी येतो, लांबच्या टोकाचा मागून, आणि ठोका फिसकटतो. गंमत अशी, की रांग लांब असेल तर थोडंसं सरकलं तरी तो फिसकटतो. रांग चार जणांची असेल तर बरंच लांब जाईपर्यंत एकत्रच ऐकू येतो.

लेन्सच्या भोकाचा प्रत्येक ठिपका असाच एक ढोलकरी आहे. ताऱ्याचा प्रकाश भोकावर येतो आणि प्रत्येक ठिपक्यातून लाट पुढे जाते. सेन्सरवर नेमक्या मध्यावर सगळ्या लाटा पावलात पाऊल टाकून येतात, तिथे लख्ख बिंदू. मध्यापासून जरा सरकलं की भोकाच्या एका कडेची लाट दुसरीच्या मागे पडू लागते. दोन कडांमधला हा फरक १.२२ तरंगलांबीएवढा झाला, की अर्ध्या भोकातून आलेले उंचवटे उरलेल्या अर्ध्यातल्या खळग्यांवर बसतात आणि हिशेब शून्य होतो. तिथे काळं कडं. (चौकोनी फटीला हा आकडा बरोबर १ येतो. गोल भोकाला १.२२ का, हे समजायला बेसेल फलनं लागतात. ज्यांना ती आवडतात त्यांना माझा नमस्कार.) म्हणजे बिंदूचा फोटो कधीच बिंदू नसतो, तो एक छोटा ठिपका असतो, भोवती फिकी कडी. १८३५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी याचं गणित मांडलं म्हणून त्याला एअरी तबकडी म्हणतात. भोक मोठं तर ठिपका लहान, भोक लहान तर ठिपका मोठा. भिंग कितीही निर्दोष घासा, यातून सुटका नाही.

पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला हिरव्या प्रकाशात ही मर्यादा चंद्राच्या अंतरावर साधारण दहा किलोमीटर येते. त्याहून जवळचे दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. आता तोच ठिपका कॅननच्या सेन्सरवर पाहा. तबकडीचा व्यास ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एका पिक्सेलची रुंदी १.२ मायक्रॉन. म्हणजे एका ठिपक्याखाली पंचेचाळीसेक पिक्सेल चिरडलेले! झूम पूर्ण ताणल्यावर सात-आठ मेगापिक्सेलच्या पुढचे सगळे पिक्सेल एकाच ठिपक्याच्या निरनिराळ्या कोपऱ्यांची नोंद करत बसतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं नवं काही नसतं. वीसच्या जागी चाळीस दिले असते, तरी कोपर्निकस तसंच दिसलं असतं.

रिकोही यातून सुटत नाही. पूर्ण उघड्या भोकाला त्याची तबकडी साधारण एका पिक्सेलएवढी, म्हणजे उत्तम. पण भोक आवळत गुणोत्तर १६ वर नेलं की ती साडेपाच पिक्सेलची होते. ‘लँडस्केप आहे ना, मग भोक जमेल तेवढं बारीक करा’ हा सल्ला डोळे मिटून पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि मग फोनवाले शंभर पट झूममध्ये चंद्र कसा दाखवतात? फोनच्या जाडीत मावणारं भोक काही मिलिमीटरचंच असतं, मर्यादा त्यालाही तीच. २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचं चित्र मुद्दाम लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावलं, दिवे घालवले आणि लांबून एका मोठ्या कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात उरलेला नव्हता असा तपशील फोटोत अवतरला! फोनने चंद्र ओळखला आणि त्याला चंद्र कसा असतो ते ठाऊक होतं, एवढंच. त्याला फोटो म्हणायचं की आठवण, ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या लेखी ते छायाचित्र नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले त्या दुर्बिणींची भोकंही दोन-तीन सेंटीमीटरच्या आतबाहेरच होती. जे त्यात शिरलं नाही ते त्याने काढलं नाही.

शेवटी वाटणी अशी झाली. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी येतात तेव्हा कॅनन तिच्याकडे. होडीतून शंभर मीटरवरची ती लांबुडकी मान टिपायला नाणंच हवं, आणि सकाळच्या उन्हात फोटॉनना तोटा नाही. फक्त लवकर उठायचं, कारण ऊन चढलं की पाण्यावरची तापलेली हवा लवलवते आणि मग कुठलंच भोक कामाचं नाही. मंडई, लग्नघरं आणि सवाईतल्या रात्री रिकोच्या वाट्याला, तेही भावोजी देतील तेव्हा.

तेवढ्यात तिने विचारलं, "आपल्या डोळ्याचं भोक केवढं?" पट्टी घेऊन आरशासमोर उभी राहिली. ट्यूबलाइटमध्ये बाहुली भरली तीन मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची सातपर्यंत जाते, म्हणजे रिकोच्या बरोबरीने, असं मी सांगितलं, तर लगेच तिने दिवा घालवला. मग आतून आवाज आला, "मामा, पट्टी दिसत नाहीये." दिवा लावला. पुन्हा तीन.