मोडेनाचा पिंजरा: मासेराती टिपो ६१ कुठून आली

१९५७ हे मासेराती या इटालियन मोटार कंपनीचं सोन्याचं वर्ष ठरायला हवं होतं. हुआन मान्युएल फांजिओने त्यांच्याच २५०एफ गाडीतून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद पाचव्यांदा पटकावलं होतं. स्पोर्ट्स कारच्या विजेतेपदासाठी व्हेनेझुएलातली काराकासची एकच शर्यत उरली होती. ३ नोव्हेंबरच्या त्या दुपारी मोडेनाच्या या कंपनीचं सगळंच पाण्यात गेलं. चालक मास्टेन ग्रेगरीची ४५०एस ही मासेराती सुरुवातीलाच उलटली. स्टर्लिंग मॉसची दुसऱ्या गाडीवर आदळली. तिसरीने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या थांब्यावर, इंधन भरताना पेट घेतला आणि त्यात चालक जाँ बेरा भाजला. ती आग विझवून गाडी पुन्हा मैदानात उतरवली, तर ती मासेरातीच्याच ३००एसला धडकली आणि दोन्ही गाड्या संपल्या. विजेतेपद फेरारीकडे गेलं.

त्या शर्यतीने कंपनी बुडाली असं सरसकट सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. दुखणं जुनं होतं. १९३७ मध्ये मासेराती बंधूंकडून कंपनी घेणाऱ्या आदोल्फो ओर्सी यांचे इतरही कारखाने होते आणि अर्जेंटिनात विकलेल्या यंत्रांचे पैसे तिथले राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेल्यावर अडकून पडले होते. काराकासने फक्त शेवटचा धक्का दिला. कंपनीने आपला अधिकृत रेसिंग संघ बंद केला. १९५८ मध्ये कारभारावर सरकारी देखरेख आली, आणि पोटापाण्यासाठी ३५०० जीटी ही रस्त्यावरची गाडी पुढे करण्यात आली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय टिपो ६१ ही मासेरातीची रेसिंग गाडी समजत नाही. मुख्य अभियंता जुलिओ आल्फिएरी यांच्याकडे कल्पना होत्या, पण पैसा नव्हता. नवं मोठं इंजिन बनवणं परवडणारं नव्हतं. स्वतः शर्यतीत उतरायचं नाही, तर खासगी संघांना विकता येईल अशी गाडी हवी होती. चार सिलिंडरचं इंजिन हाताशी होतं. ताकद वाढवणं शक्य नसेल तर वजन कमी करायचं, हाच एक रस्ता उरला होता.

त्यांनी सांगाडाच नव्याने मांडला. त्या काळच्या बहुतेक रेसिंग गाड्यांत मोजक्या जाड नळ्यांची फ्रेम असे. आल्फिएरींनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या सुमारे २०० बारीक नळ्या घेतल्या, बऱ्याचशा बोटाएवढ्या जाडीच्या, आणि जिथे भार जास्त तिथे त्या त्रिकोणात जोडल्या. तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. कारखान्याच्या पत्र्याच्या छपराखालची लोखंडी कैची आठवा. चौकोनाला कोपऱ्यातून दाबलं की तो तिरका होतो. त्रिकोण एखादी बाजू मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. त्रिकोणातली प्रत्येक नळी फक्त ताण किंवा दाब सोसते, वाकवणारा जोर तिच्यावर जवळपास येतच नाही. म्हणून ती बारीक असली तरी चालते. एवढा सगळा सांगाडा चाळीस किलोच्या आत बसला, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहून हलका.

पुढच्या काचेतून आत पाहिलं की डॅशबोर्डच्या पुढे नळ्यांची ही जाळी नजरेत भरते. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, आणि प्रत्येक सांध्यावर हाताने केलेल्या वेल्डिंगची बारीक शिवण. लोक तिला ‘बर्डकेज’, पक्ष्याचा पिंजरा, म्हणू लागले आणि या गाडीच्या दोन प्रकारांचे टिपो ६० आणि ६१ हे आकडे मागे पडले.

बाकीची मांडणीही तितकीच विचारपूर्वक होती. इंजिन ४५ अंशांत कलतं बसवलं, त्यामुळे बॉनेट खाली आलं आणि वजनही जमिनीलगत गेलं. पाच गिअरचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, मागे दे दिऑन ॲक्सल (मागची दोन्ही चाकं एका नळीने जोडणारी रचना), चारही चाकांना डिस्क ब्रेक. पहिली टिपो ६० दोन लिटरची, सुमारे २०० अश्वशक्तीची. १९५९ मध्ये मॉसने ती फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत पहिल्याच फटक्यात जिंकून आणली. अमेरिकेतल्या शर्यतींत तीन लिटरखालचा गट होता, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकांसाठी हेच इंजिन २,८९० घनसेंटिमीटरपर्यंत वाढवलं. ती टिपो ६१: सुमारे २५० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ६०० किलो. चार सिलिंडरमध्ये जवळपास तीन लिटर म्हणजे एकेका पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर, चांगला खाऊच्या बशीएवढा.

लॉइड कॅसनर या अमेरिकी माणसाच्या कॅमोराडी संघाने या गाड्या घेतल्या आणि तिथून तिचं खरं चरित्र सुरू होतं. ते वाचताना जीव वरखाली होतो. १९६० च्या तार्गा फ्लोरिओत, सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरच्या शर्यतीत, आघाडीवर असताना इंधनाची टाकी फुटली. फ्रान्समधल्या ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत काचेच्या उंचीच्या नियमातून वाट काढायला काच थेट नाकापर्यंत लांबवली होती, ग्रेगरी सुरुवातीला पुढेही होता, आणि मग पिटमध्ये स्टार्टरने दगा दिला. वेग होता, टिकाव नव्हता. शिवाय एवढ्या सांध्यांत कुठे तडा गेला हे शोधणं मेकॅनिकच्या डोळ्यांची परीक्षा पाहणारं काम.

पण जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या १,००० किलोमीटरच्या शर्यतीत पिंजऱ्याने सगळ्याची भरपाई केली. मे १९६० मध्ये धुकं आणि ओल्या रस्त्यात ऑइलचा पाइप निसटला, दुरुस्तीत आघाडी गेली. मॉस आणि डॅन गर्नी यांनी ती परत मिळवली आणि फेरारी, पोर्शेच्या कारखान्याच्या संघांना हरवलं. पुढच्या वर्षी तिथेच, कडाक्याच्या थंडीत, ग्रेगरी आणि खुद्द कॅसनर जिंकले. स्वतःचा रेसिंग संघही न उरलेल्या कंपनीची गाडी जगातल्या सगळ्यात अवघड ट्रॅकवर लागोपाठ दोनदा पहिली यावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दोन्ही प्रकार मिळून जेमतेम दोन डझन गाड्याही बनल्या नाहीत. तोवर इंजिन चालकाच्या मागे ठेवणाऱ्या गाड्यांचं युग आलंच होतं. १९६१ मध्ये आल्फिएरींनीही टिपो ६३ मध्ये इंजिन मागे नेलं. सांगाडा मात्र तोच ठेवला, बारीक नळ्यांचा.