मिठातलं पोटॅशियम

1949 साली अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून एक पदार्थ दुकानांतून विकला जात होता. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, त्यांच्यासाठी तो होता आणि चवीला अगदी मिठासारखा लागे. त्यात लिथियम क्लोराइड होतं. वापरणाऱ्यांपैकी काहींचे हातपाय थरथरू लागले, तोल जाऊ लागला, गुंगी येऊ लागली. काही जण दगावले आणि त्याच वर्षी तो पदार्थ बाजारातून काढावा लागला. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. म्हणजे ज्यांनी पथ्य कसोशीने पाळलं, त्यांच्याच अंगात विष जास्त साठण्याची भीती होती.

लिथियम खारट का लागतं? जिभेवरच्या चवीच्या पेशींमध्ये सोडियम आत घेणारी सूक्ष्म छिद्रं असतात. लिथियमचा अणुभार सोडियमपेक्षा कमी, पण गुणधर्म जवळचे, त्यामुळे तेही त्या छिद्रांतून आत शिरतं. पोटॅशियमला मात्र तिथून वाट मिळत नाही. त्याचा खारटपणा वेगळ्या मार्गाने जाणवतो आणि मागे कडसर, धातूसारखी चव राहते. म्हणूनच आजच्या पर्यायी मिठात सहसा नुसतं पोटॅशियम क्लोराइड नसतं. पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड हे मिश्रण सर्वांत जास्त अभ्यासलं गेलं आहे. शिजवलेल्या अन्नात त्याचा कडसरपणा फारसा कळत नाही.

पाव भागाने असा काय फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब करून पाहू. जगभरात माणूस दिवसाला सरासरी 10 ग्रॅमच्या वर मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 ग्रॅमची आहे. समजा 10 ग्रॅम नेहमीच्या मिठाऐवजी तेवढंच मिश्रण वापरलं, तर सोडियम सुमारे 1 ग्रॅमने घटतं आणि पोटॅशियम सुमारे 1.3 ग्रॅमने वाढतं. पाकिटावर ‘लो सोडियम’ एवढंच ठळक छापलेलं असतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं. मला दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

मूत्रपिंडं रक्त गाळतात तेव्हा गाळलेलं बहुतेक सोडियम पुन्हा रक्तात ओढून घेतात. हे काम नलिकांच्या भिंतीतली वाहक प्रथिनं करतात. त्यांतलं एक प्रथिन रक्तातल्या पोटॅशियमच्या पातळीनुसार चालतं. आहारात पोटॅशियम कमी पडलं की ते जोमाने कामाला लागतं, सोडियम परत खेचतं, सोडियमबरोबर पाणीही राहतं आणि दाब वाढतो. पोटॅशियम पुरेसं मिळालं की तेच प्रथिन मंदावतं आणि जास्तीचं सोडियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाबासाठी देतात त्या थायझाइड गटातल्या गोळ्याही याच प्रथिनाला रोखतात. म्हणजे पोटॅशियमचंही नेमकं तेच ठिकाण, तेच काम, फक्त सौम्यपणे! शिवाय पोटॅशियममुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावायला मदत होते, ती वेगळीच.

याचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, ते चीनच्या ग्रामीण भागातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. 600 गावांतली जवळपास 21,000 माणसं तिच्यात होती. कुणाला आधी पक्षाघात होऊन गेलेला, तर कुणी साठी उलटलेले आणि रक्तदाब वाढलेले. निम्म्या गावांना 75–25 प्रमाणातलं पर्यायी मीठ दिलं गेलं, उरलेल्या गावांनी नेहमीचंच वापरलं. सरासरी पावणेपाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पर्यायी मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी आणि मृत्यूंचं 12 टक्क्यांनी कमी होतं. रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी फक्त 3.3 मिलिमीटरने उतरला होता. एकट्या रुग्णाला दवाखान्यात हा फरक जाणवणारही नाही, पण दिवसरात्र, वर्षानुवर्षं हजारो माणसांच्या धमन्यांवरचा ताण तेवढा कमी झाला, तर किती मेंदू वाचतात ते इथे दिसतं. चव सोडायला न लावता एवढं साधणारा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

यात एक अट मात्र आहे, आणि ती पाकिटावर बारीक अक्षरांत असते. शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकण्याचं बहुतेक काम मूत्रपिंडांकडे असतं. ती थकलेली असतील, तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडवतं. कित्येकदा आधी काहीही लक्षण दिसत नाही. स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या पोटॅशियम धरून ठेवतात. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची नेहमीची औषधंही त्याची पातळी थोडी वाढवू शकतात. चीनमधल्या त्या चाचणीत मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम साठवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. तिथे मिळालेला दिलासा त्यांना लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची सशर्त शिफारस केली, तीही प्रौढांपुरती. मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं तिच्यातून वगळली आहेत.

गुलाबी मीठ, सैंधव, समुद्री मीठ यांचा या सगळ्याशी संबंध नाही. ती जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइडच असतात. आणि पर्यायी मीठ घ्यायचंच, तर ते आयोडीनयुक्त आहे ना, हे पाहावं.

रक्तदाब ज्याचा वाढलेला, त्याने रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कसं चाललं आहे ते कळतं) आणि पोटॅशियम तपासून, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून मगच मीठ बदलावं. पण घरात स्वयंपाक एकाच भांड्यात होतो. तेव्हा डबा बदलण्याआधी त्या भांड्यातून जेवणाऱ्या प्रत्येकाची मूत्रपिंडं कशी आहेत, कुणी डायलिसिसवर आहे का, कुणाला मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला आहे का, हेही विचारायला हवं. असं कुणी असेल, तर त्यांचं जेवण आधी वेगळं काढावं, नाहीतर घरात नेहमीचंच मीठ ठेवून ते सगळ्यांसाठी थोडं थोडं कमी करत न्यावं.