कृतिपत्रिका कुणी वाचायची? वर्ध्यापासूनची पार्श्वभूमी

मुलांनी करून शिकावं, ही कल्पना विदर्भातल्या शाळांना कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, असे ठराव तिथे झाले. पुढे झाकीर हुसेन समितीने त्यावरून अभ्यासक्रम बांधला. टकळीवर सूत काढताना मूल तार मोजायचं, हिशेब मांडायचं, कापूस कुठल्या जमिनीत येतो तेही शिकायचं. पऱ्हाटीच्या या मुलखात साहित्याची वानवा नव्हतीच.

पण त्या सगळ्या सूचना शिक्षकासाठी होत्या. मुलाने कागद वाचून एकट्याने काम करावं, अशी अपेक्षा नव्हती. गुरुजी शेजारी असत. आजच्या कृतिपत्रिका, म्हणजे मुलाने काय काय करायचं ते लिहून दिलेले कागद, वाचताना मला वाटतं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अजूनही गुरुजीच आहेत.

मुलाशी थेट बोलणारा कागद खऱ्या अर्थाने लागला तो द्विशिक्षकी शाळांत. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बालकेंद्री, कृतीवर आधारलेलं शिक्षण मांडलं आणि १९८७पासूनच्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या नि दोन शिक्षक द्यायचं ठरवलं. पण वर्ग चार आणि शिक्षक दोन! पहिलीला अक्षरं गिरवून घ्यायची तर तेवढा वेळ दुसरीने आपलं आपण काहीतरी करायला हवं.

पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कृतीतून शिकणं कायद्यात आलं, त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही, म्हणजे केवळ परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाची प्रगती पाहणं, आलं. उपक्रमांना गुण मिळू लागले, तसे काही उपक्रम मुलांपेक्षा नोंदवहीसाठीच आखले जाऊ लागले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येणार म्हटलं की फायली फुगतात, हे कुणाला नवं नाही.

भाषाही तशीच फुगली. ‘परिसरातील धान्यांचे निरीक्षण करून वर्गीकरण करा’ हे तिसरीच्या पोराने वाचून नेमकं काय करायचं? त्यापेक्षा असं लिहावं: ‘घरून तूर, हरभरा, ज्वारी मूठ-मूठ आणा. सगळे दाणे एकत्र करा. आता सारखे दाणे वेगळे काढा. जे दाणे हाताने दोन भागांत फुटतात, त्यांची नावं लिहा.’ एका वाक्यात एकच काम, आणि तूर भिजवलेली लागणार असेल तर ते आदल्या दिवशीच सांगितलेलं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळच्या काही पाड्यांवर कोलामी बोलणाऱ्या मुलांना इतकंही पुरत नाही. तिथे प्रत्येक पायरीला चित्र लागतं.

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा, १ जुलै २०२१ पासून, राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेतलं राहिलेलं भरून काढणारा अभ्यास, दिला. रोजची एक कृतिपत्रिका, बहुतेकांना मोबाइलवरच. समजावून सांगायला घरी कुणी असेलच, याची खात्री नव्हती. घरात एकच फोन, आणि तोही बाबांच्या खिशात वावरात गेलेला असेल, तर कागद संध्याकाळीच मुलाच्या हाती यायचा.