पिंजऱ्यात उंदीर की चिचुंद्री?

मे महिन्यात गोव्यातल्या घरांत पुरुमेत भरलं जातं. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, मिरच्या, सोलं, कांदे, नारळ, उकड्या तांदळाची पोती, अशी पावसाळ्याची सगळी बेगमी घरात येते. मग पाऊस लागतो, शेताच्या बांधातली आणि गडग्याच्या दगडांमधली बिळं पाण्याने भरतात आणि तिथे राहणारे जीव कोरडी जागा शोधत घराकडे वळतात. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली की दुसऱ्या दिवशी पिंजरा लागतो. सकाळी त्यात एक राखाडी, निमुळत्या तोंडाचा, उग्र वासाचा जीव दिसतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "उंदराचं पिल्लू मिळालं." पिंजरा तसाच बादलीत बुडवला जातो. रात्री पोतं कुरतडल्याचा आवाज पुन्हा येतो, कारण बादलीत मेली ती चिचुंद्री. पोतं फोडणारा उंदीर माळ्यावर जिथल्या तिथे आहे.

हे घरोघरी चालतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. चिचुंद्री झुरळं, नाकतोडे, कोळी, गांडुळं आणि असंच काहीबाही खाऊन जगते. ती मेली की झुरळं खाणारा जीव घरातून जातो आणि धान्य खाणारा राहतो. म्हणून कुठला पिंजरा घ्यावा हा प्रश्न दुसरा. घरात कोण शिरलंय, हा पहिला.

पिंजऱ्यात काही सापडलं तर हात न लावता पिंजरा उजेडात धरा आणि आधी तोंड बघा. चिचुंद्रीचं नाक खालच्या जबड्याच्या बरंच पुढे येतं. ते लांब, टोकदार असतं आणि एक क्षण स्थिर राहत नाही. मिशा थरथरत असतात, नाकाचं टोक हवा चाचपत असतं. डोळे मोहरीएवढे, केसांत जवळजवळ बुडालेले. उंदराचे डोळे टपोरे, काळे, बाहेर आलेले असतात आणि कान मोठे, पातळ, डोक्याच्या वर उठून दिसतात. चिचुंद्रीचे कान आखूड आणि डोक्याला चिकटून.

मग शेपटी. आपल्या कौलारू घरांत वावरणाऱ्या काळ्या उंदराची शेपटी डोकं आणि धड मिळून होईल त्याहूनही लांब असते. बारीक, कड्याकड्यांची, जवळपास केसविरहित. चिचुंद्रीची शेपटी आखूड, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती. नीट पाहिलं तर तिच्यावर अधूनमधून उभे राहिलेले लांब, विरळ केस दिसतात. एकदा हे केस पाहिले की पुन्हा चूक होत नाही. वासाची खूण तर पिंजऱ्याजवळ जाण्याआधीच मिळते. चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींवर कस्तुरीसारख्या उग्र वासाच्या ग्रंथी असतात. त्यामुळे मांजर तिला मारतं, पण बहुधा खात नाही, तशीच टाकून जातं.

उंदराचं खरंखुरं पिल्लू असेल तर त्याचं डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानाने मोठे दिसतात. तोंड बोथट असतं, निमुळतं कधीच नाही.

दोघांच्या नात्याविषयी थोडक्यात. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे. त्यांचे पुढचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं त्यांना भागच असतं. चिचुंद्री या कुळातली नाहीच. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1766 मध्ये तिचं शास्त्रीय नाव ठेवलं त्यात 'उंदरासारखी' असा अर्थ आहे, पण तिचे जवळचे नातलग म्हणजे काटेरी अंगाचा हेजहॉग आणि जमिनीखाली बोगदे खणणारा मोल. तिचे दात बारीक, टोकदार, किड्यांचं कवच फोडायला बनलेले. लाकूड, वायर, प्लॅस्टिकचा पाइप, तांदळाचं पोतं तिला फोडता येत नाही. फोडलेलं पोतं दिसलं तर तिच्यावर संशय घेऊच नका.

म्हणजे पिंजरा लावायच्या आधीच अर्धा तपास होऊ शकतो. माडाखाली पडलेल्या कोवळ्या नारळाला देठाजवळ गोल भोक असेल तर ते उंदराचं काम. घराच्या वाशांवर, पाटणीच्या कडेला काळपट, तेलकट पट्टे उमटले असतील तर तीही उंदराची रोजची वाट. त्याचं अंग रोज त्याच जागी घासतं. उंदराच्या लेंड्या कडक, दोन्ही टोकांना निमुळत्या, साधारण एक सेंटिमीटरच्या आणि वाटेवर विखुरलेल्या असतात. चिचुंद्रीची विष्ठा मऊसर, वासाची, बहुधा ठरावीक कोपऱ्यात साठलेली असते. वाळल्यावर ती चुरते आणि आत झुरळांच्या पंखांचे, पायांचे तुकडे दिसतात. आवाजातही फरक आहे. चिचुंद्री भिंतीच्या कडेने पळताना तीक्ष्ण ची-ची करत जाते. कुरतडण्याचा कर्रकर्र आवाज आणि माळ्यावरची धावपळ हा उंदराचा कारभार.

आता सापळ्यांकडे येऊ. बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत, पिंजरा आणि चाप. दोन्ही यांत्रिक आणि दोन्हींत वीज किंवा विष लागत नाही. पिंजऱ्यात आमिष एका आकड्याला अडकवलेलं असतं. आकड्याचं दुसरं टोक दार उघडं धरून ठेवतं. आमिष ओढलं की आकडा सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने दार खाली येतं. जीव जिवंत राहतो, तुम्हाला तो बघता येतो आणि चुकीचा असेल तर सोडता येतो. चापात स्प्रिंगने ताणलेली दांडी असते, ती आमिषाच्या पट्टीला जरा धक्का लागला की आपटते. या रचनेचं पेटंट अमेरिकेत विल्यम हुकर यांना 1894 मध्ये मिळालं आणि लाकडी फळीवरचा चाप मूळ स्वरूपात आजही तसाच आहे. पण चापाला कोण आलं ते कळत नाही. उंदीर असो, चिचुंद्री असो, पाल असो, जो पट्टीवर पाय देईल तो गेला.

म्हणून माझं मत असं की घरात कोण आहे याची खात्री नसेल तोवर जमिनीवर पिंजराच लावावा, चाप नको. चिचुंद्रीची नजर अधू असते. ती भिंतीला अंग घासत, मिशांनी वाट चाचपत चालते. भिंतीला लागून ठेवलेला चाप म्हणजे नेमका तिच्या वाटेत ठेवलेला चाप. उंदीर पकडायला म्हणून गॅसच्या मागे, मोरीच्या दाराशी, फ्रिजखाली आपण ज्या जागा निवडतो, त्या सगळ्या तिच्या येण्याजाण्याच्या आहेत.

काळा उंदीर मात्र चढणारा. माडावर, आंब्याच्या फांदीवर, छपराच्या वाशांवर तो सहज फिरतो आणि खाली उतरतो तो खाण्यापुरता. तेव्हा त्याचा सापळा वर लावायचा. तेलकट पट्टे दिसतात त्या वाशाला तारेने चाप घट्ट बांधायचा. आमिषाची बाजू त्याच्या वाटेवर यायला हवी. बांधणं महत्त्वाचं आहे, नाहीतर अर्धवट अडकलेला उंदीर चापासकट माळ्याच्या कुठल्यातरी फटीत जाऊन मरतो आणि त्या वासात आठवडा काढावा लागतो. वर लावलेल्या चापात चिचुंद्री सापडण्याची भीती फारशी राहत नाही, कारण ती चढण्यात कच्ची. सापळा वर की खाली, एवढ्या एका गोष्टीने दोघांची गल्लत बरीचशी टळते.

घरात फिरणारा लहान उंदीर, म्हणजे पंधरा-वीस ग्रॅमचा, खालीही असतो आणि कपाटातही. त्याच्यासाठी छोटा चाप कपाटाच्या आत, बंद दारामागे ठेवावा. तिथे चिचुंद्री जात नाही. अंगणात मातीचा ढीग बाहेर काढून मोठं बीळ केलं असेल तर ती घूस. तिला साधा पिंजरा अपुरा पडतो, मोठा आणि जाड जाळीचा हवा.

आमिषाच्या बाबतीत सुकं सुंगट लावायची आपली सवय मला पटत नाही. सुंगट उंदरालाही आवडतं हे खरं, पण चिचुंद्री मुळात मांसाहारी, तिला तो वास लांबून खेचतो. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावा. तो जाड दोऱ्याने आकड्याला किंवा पट्टीला करकचून बांधा, म्हणजे उंदराला तो हळूच काढून नेता येणार नाही, ओढावाच लागेल. आणि पहिल्याच रात्री चाप ताणू नका. काळा उंदीर आपल्या वाटेवर आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला बिचकतो, काही दिवस तिच्याजवळ फिरकतही नाही. दोन-तीन रात्री चाप न ताणता खोबरं ठेवा, त्याला ते निर्धास्त खाऊ द्या, मग ताणा. "पिंजरा लावला, पण काही मिळत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुरू होते. लहान उंदीर उलटा, नव्या वस्तूकडे उत्सुकतेने येतो, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही.

पिंजरा लावलात तर सकाळी उठल्याबरोबर बघणं ही तुमची जबाबदारी. चिचुंद्रीचं शरीर इतक्या वेगाने अन्न जाळतं की तिला थोड्या थोड्या वेळाने खावंच लागतं. दुपारपर्यंत पिंजऱ्यात राहिली तर भुकेनेच दगावते. रबरी हातमोजे घालून पिंजरा बाहेर न्या, गडग्याच्या किंवा झाडाच्या बुंध्याच्या सावलीत तोंड जमिनीला टेकवून दार उघडा आणि मागे सरा. ती आपली आपण जाईल. पिल्लं असण्याच्या दिवसांत तिला फार लांब नेऊन सोडू नका. घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात दोन-तीन पिल्लं तिची वाट पाहत असू शकतात. ती चालायला लागली की एकमेकांच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरून आईमागे एका रांगेत निघतात. पावसाळी रात्री मोरीजवळ ही रांग जाताना दिसली तर दिवा न लावता बघत राहा.

चिचुंद्री उपयोगी असली तरी ती स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. तिच्या अंगावर पिसवा असतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मुख्यतः उंदरांच्या मुतातून पसरत असले तरी तिच्यातही सापडतात. पावसात पायाला जखम घेऊन चिखलात वावरणाऱ्यांना हा आजार होतो, म्हणून पिंजरा धुताना हातमोजे काढू नका. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसून घ्या आणि अन्न झाकून ठेवा.

गोंदाच्या पुठ्ठ्याविषयी माझं मत ठाम आहे, तो घरात आणू नये. त्यात अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. उंदीर, चिचुंद्री, पाल, कधी पक्ष्याचं पिल्लूही त्यावर चिकटतं. प्राण्यांना विनाकारण यातना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. उंदराला मारायचंच असेल तर चांगल्या स्प्रिंगचा चाप क्षणात काम करतो, बादलीत बुडवण्यापेक्षा तो कितीतरी बरा. विषाचं तर आणखी वाईट. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा धामणीने उचलला तर विष त्यांच्या पोटात जातं, आणि उंदीर खाणारेच कमी होतात.

शेवटी दोघांच्या येण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत, आणि त्या बंद केल्या तर सापळ्याची वेळ कमीच येते. चिचुंद्री येते मोरीतून, न्हाणीघराच्या नळीतून, दाराखालच्या फटीतून. तिथे बारीक भोकांची लोखंडी जाळी सिमेंटने बसवा. प्लॅस्टिकची जाळी चिचुंद्रीला अडवेल, पण उंदीर ती कुरतडून टाकेल. उंदीर येतो वरून, छपराला टेकलेल्या आंब्याच्या, फणसाच्या फांदीवरून आणि विजेच्या, केबलच्या तारांवरून. फांद्या छपरापासून माणसाचा हात पोचणार नाही इतक्या मागे तोडा, सरकलेली कौलं बसवून घ्या. माडांच्या बुंध्यावर दोनेक मीटर उंचीला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला की उंदराला वर चढता येत नाही. मात्र शेजारच्या माडाची चुडतं तुमच्या माडाला टेकत असतील तर तो त्यांवरून उडी मारून येतो आणि पत्रा फुकट जातो. अशा वेळी पट्टा दोन्ही माडांना लागतो, म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं आलं. फांद्या आणि कौलं मेमध्ये उरकावीत. पाऊस लागल्यावर शेवाळलेल्या छपरावर कुणी चढू नये.