विटेला कोपरे चार, शेजारी सहा

मे महिन्यात नागपुरात दुपारी कोण बाहेर पडतं, म्हणून संध्याकाळी सहा वाजता घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो आणि काळ्या मातीला पडलेल्या भेगांमधले तुकडे चक्क उकिडवं बसून मोजले, शेजारचे काका गच्चीवरून बघत होते, बघू दे. दहा तुकडे मोजले. बहुतेक चार कोपऱ्यांचे, दोन पाचाचे, एक तीनाचा. दिसायला सगळं वाकडंतिकडं, पण सरासरी चाराच्या आसपासच घुटमळते.

काऊन बरं? तर काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एक भेग पडली की तिच्या काठाजवळचा आडवा ताण सुटतो, उरतो तो भेगेच्या लांबीच्या दिशेतला, म्हणून पुढची भेग पहिलीला जवळपास काटकोनात येऊन धडकते आणि तिथंच थांबते. झाला टी-जोड. या जोडाच्या एका बाजूला सरळ धार, तिथं कोपराच नाही, आणि दुसऱ्या बाजूचे १८० अंश दोन कोपऱ्यांत वाटलेले. म्हणजे सरासरी कोपरा ९० चा, आणि सरासरी कोपरा ९० म्हणजे चौकोन, शाळेतलाच हिशोब. आता भेग तिरपी आली, एक कोपरा ७० आणि दुसरा ११० झाला तरी सरासरी हलत नाही! मला यातली हीच गंमत सगळ्यात जास्त आवडते.

माती पुन्हा पुन्हा भिजून वाळत राहिली तर जोड हळूहळू वाय-सारखे होतात, तीन कोपऱ्यांत ३६० अंश, एकेक १२० चा, म्हणजे सरासरी सहा कोपरे, मधमाशीच्या पोळ्यासारखं. हंगेरीचे गणिती गाबोर डोमोकोश आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२० मध्ये असल्या कुठल्याही नक्षीचं सार दोन आकड्यांत मांडलं: एका तुकड्याला सरासरी कोपरे किती आणि एका जोडावर सरासरी कोपरे किती येतात.

पण कोपरे आणि शेजारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. आमच्या गल्लीत एका घराचं बांधकाम सुरू आहे, तिथली भिंत बघा. विटेला कोपरे चार, पण तिला चिकटलेल्या विटा सहा: वर दोन, खाली दोन, डावी-उजवी एकेक. प्रत्येक जोडावर तीनच तुकडे भेटत असतील तर, कडेचे सोडले की, शेजारी सरासरी सहाच येतात, मग तुकडे विटांचे असोत, मातीचे असोत की पोळ्यातले. घरातल्या चौकोनी फरशीत मात्र चार टाइल एका बिंदूवर भेटतात, म्हणून तिथं शेजारी चारच.

मिस्त्रीला हे सांगितलं तर तो थापी न थांबवता म्हणाला, "सहा का आठ मले नाही माहीत भाऊ, पण जॉइंट तोडून नाही लावलं ना, तर भिंत त्याच लाइनीत वरपासून खालपर्यंत फाटते."